मंगळवार, सात वाजता

भट्टी विझली त्या वर्षी
बाजारहाट गेथिनने माझ्याकडून मागून घेतला.
"तू फार भरभर उचलतेस," म्हणाला,
"किलोमागे काय पडतं ते बघत नाहीस."
सव्वीस वर्षं ज्याने दुधाचा भाव विचारला नव्हता
तो आता स्वान्सी रस्त्यावरच्या आल्डीत
फळीच्या कडेचे बारीक आकडे वाचतो,
चष्मा कपाळावर चढवून,
पूर्वी भट्टीचा काटा वाचायचा तसा,
श्वास धरून.

मी काही बोलले नाही.
माणसाच्या हाताला काहीतरी लागतं.

ट्रॉलीसाठीचं एक पौंडाचं नाणं
कोटाच्या आतल्या खिशात. तेच. दुसरं चालत नाही.
"ह्या घरातून बाहेर जाऊन परत येणारा
एवढा एकच पैसा," म्हणतो
आणि आपणच आधी हसतो.

शिकला बरंच.
वाकडी गाजरं सरळ गाजरांइतकीच शिजतात.
महागड्या चहाचा सख्खा भाऊ
खालच्या फळीवर बसलेला असतो, साध्या कपड्यांत.
पोट भरलेलं असताना दुकानात जायचं,
आणि मधल्या रांगेत पाऊल टाकायचं नाही :
तिथे तंबू असतात, मासेमारीच्या खुर्च्या,
नको असलेलं सगळं, निम्म्या किमतीत.

एकदाच गेला.
वेल्डिंगचा मुखवटा घालून उभा राहिला
बराच वेळ, माबली सांगत होती.
काळ्या काचेतून आतलं काही दिसत नव्हतं.
मग काढला,
बाहीने पुसला,
जिथला तिथे ठेवला.

मंगळवारी सातला कॅरिस येते
लेबलांचं यंत्र कमरेला लटकवून.
त्याआधी पाच मिनिटं
दह्यांसमोर उगाच गर्दी होते.
सगळे डब्यांवरचं साखरेचं प्रमाण वाचत असतात.
कुणी कुणाकडे बघत नाही.
मग यंत्र कट् करतं,
आणि सगळ्यांना एकदम दही नको होतं.

त्या मंगळवारी अख्खी कोंबडी निघाली,
दोन पौंड दहा.
गेथिनचा हात पडला तिच्यावर
आणि त्याच क्षणी दुसरा एक,
डाव्या अंगठ्याला नख नसलेला.
वर न बघताच त्याने ओळखला तो.
एकोणीस वर्षं त्या हाताने
ह्याच्या हजेरीवर सही केली होती.

"घ्या, मिस्टर प्रॉसर."
"छे छे, तू घे. तुझ्या घरी वाढतं पोर आहे."
"तुमच्या घरी आई आहे."
"ती कुठे चावते आता."
असं चाललेलं.
कोंबडी मध्ये, थंडगार, छातीवर पिवळं लेबल,
आणि दोघांचेही हात एव्हाना खिशात.
शेवटी लाल टोपीवाल्या एका बाईने
"तुमचं होऊ द्या सावकाश" म्हणत
ती उचलली आणि निघून गेली.

हे मला कॅरिसने सांगितलं.
गेथिनने नुसती पावती ठेवली टेबलावर.
मी ती खालून वर वाचते, सवय आहे :
कांदे, ओट्स, मसूर, माशांचे गोठवलेले तुकडे,
आणि एक लिंबाचा केक,
पूर्ण किमतीचा.
मी विचारलं नाही.
ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ला तिघांनी,
खोकं मात्र त्याने घडी घालून
कचऱ्याच्या अगदी तळाशी दाबलं.

आता तो गुरुवारी जातो.
गुरुवारी फारसं निघत नाही,
पाव, मलूल पालक, कधी चीजचा तुकडा.
मंगळवार मिस्टर प्रॉसरांचा, म्हणतो.
तसं काही ठरलेलं नाही,
कुणी कुणाशी बोललेलंही नाही.

परवा कॅरिस भेटली बसथांब्यावर.
म्हणाली, मंगळवारी तेही येत नाहीत हल्ली,
त्यांनी शनिवार धरलाय.

कोंबड्या निघतात म्हणे अजून, सातला.
लाल टोपीवालीचं
बरं चाललंय.