काना

हजेरीपटावरचं नाव इथे लिहीत नाही.
तुम्ही केतकी म्हणा.
माहुल, इमारत एकोणचाळीस, सातवा मजला.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते,
रात्रभर जळते, कुणी फुंकर मारत नाही.

माझी शक्ती व्याकरणातली आहे.
हसू नका.
कितीतरी वर्षं मी वाक्यं चुकवत बोलायचे.
"मी" आलं की क्रियापदाआधी खोकायचं,
नाहीतर म्हणायचं, जेवण झालं,
जाणं जमलं नाही, झोप येतेय.
मराठीच्या बाई म्हणायच्या, किती जपून बोलतो पोरगा.

मग एकदा गच्चीवर, टाकीमागे,
सराव परीक्षेत गणिताचा पेपर कोरा देऊन,
आजूबाजूला कुणी नाही बघून म्हटलं,
मी दमले.
एवढंच.
दमलो-मधला काना तेवढा काढला,
तो उभा दांडा,
गळ्यापासून टाचेपर्यंत ठोकलेला.
चपला खाली राहिल्या.
मी चार बोटं वर.
कुठल्याशा रथाचं ऐकलं होतं लहानपणी,
खरं बोलणाऱ्याची चाकं जमिनीला टेकत नाहीत.
घाबरून "उतरतो" म्हटलं
आणि धाडकन आपटले.
गुडघा अजून दुखतो.

जानेवारीभर सराव केला.
थकले : कठड्याइतकी उंच.
विसरले : डिश अँटेनापर्यंत.
नकारही चालतो, हे उशिरा कळलं.
लाजले नाही, म्हटलं त्या संध्याकाळी
खाडीतले फ्लेमिंगो वरून दिसले,
आपला गाळच खाऊन गुलाबी झालेले.
पोशाख म्हणाल तर कबड्डीची काळी ट्रॅक पँट
आणि आत्याची मरून ओढणी, हळदीच्या डागासकट.

आमची लिफ्ट महिन्यातून दहा दिवस चालते.
त्या गुरुवारी चालत होती, तेच वाईट झालं.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकली.
आत नाझ, सहा वर्षांची, दुधाच्या पिशव्या घेऊन.
वर तारेचा एकेक पीळ सुटत होता, आवाज करून.
जिना भरलेला : वॉचमन मौर्या,
दुसऱ्या मजल्यावरचे ते दोघे, मला बघून टाळ्या वाजवणारे,
कणकेच्या हातांनी आई.
आतून नाझ म्हणाली,
"कुणी येतंय का?"

उत्तराचे शब्द दोनच.
एकात काना आहे.

"आले!"
ओरडले मी. आईच्या देखत.

मग अंधार, ग्रीस, कबुतरांची घाण.
लिफ्टला खालून दोन्ही हात लावले.
भरल्या हंड्याएवढी जड होती, त्याहून नाही.
पाचव्यावर नेऊन टेकवली.
एक पिशवी फुटली, माझ्या केसांत.

कुणी काही बोललं नाही.
मौर्या म्हणाला, सोसायटीला अर्ज करायला पाहिजे.
ते दोघे मोबाइल धरून उभे,
रेकॉर्डचं बटण दाबायचं विसरून.
आई तिथे नव्हती.

तासभर टाकीमागे बसले.
मग पायांनीच, एकेक पायरी मोजत, खाली.
दार लोटलेलं. कुकरची शिट्टी.
आई ओट्याकडे तोंड करून उभी.
ती खोकली, अगदी माझ्यासारखीच,
क्रियापदाच्या आधी.

"आलीस?"

आणि लगेच,
"पाणी गेलंय. बादलीतलं घे.
केसांना दुधाचा वास येतोय."