दर चौसष्ट सेंटिमीटरला

सावद्याला फेगड्यांच्या नव्या बंगल्यात
टीव्हीमागची भिंत माझ्याकडे आहे.
रोल उघडला की प्लास्टिकचा वास,
चित्र मात्र केळीच्या सोपटातून काढलेल्या धाग्यांचं:
उभे फिकट, आडवे थोडे करपट,
मधेच एखादा जाड,
खरा धागा कधी मापात राहत नाही तसा.

कंपाउंडपलीकडे कापणी झालेल्या केळीची खोडं
आठ दिवस झाले, काळी पडतायत.
सालदार विचारतो, कितीला पडतो हा कागद?
सांगितलं.
तो खोडांकडे बघून नुसताच हसला.

खळ आमच्या घरात जुनीच.
बापाची ताण्याला लागायची, माझी कागदाच्या पाठीला.
अमळनेरच्या गिरणीत बत्तीस वर्षं
तो सांच्यापुढे उभा होता, ऐकू कमी येतं आता.
म्हणायचा, धागा तुटना त तुटना,
गाठ दिसाले नको.

दुसरा पट्टा ओळंब्यात घेताना
गुडघ्याजवळ ती दिसली.
तुटलेला धागा, घाईत मारलेली गाठ,
शेपूट जरा लांब राहिलेलं.
बोटं आपोआप गेली चिमटीत धरायला.
चिमटीत काही आलं नाही.
कमरेशी तीच गाठ. छातीशी तीच.
स्टुलावर चढलो, तिथेही तेच शेपूट
तसंच डावीकडे वळलेलं.
टेप लावला. चौसष्ट सेंटिमीटर.

कुणीतरी, कुठेतरी
हातभरच विणलं असेल,
धागा एकदाच तुटला असेल.
फोटोवाला दारात उभा असेल,
किंवा लाइट जायची वेळ झाली असेल.
आता ती एक चूक
बँकांच्या, दवाखान्यांच्या भिंती
सरळ रेषेत चढत जाते,
आणि माझी मजुरी एवढ्याचीच
की जोडावर ती इकडची तिकडे होऊ नये.

फेगडे वहिनींनी तळवा फिरवला.
अगदी विणल्यासारखं वाटतं हो, म्हणाल्या,
ओल्या फडक्याने पुसता येतो ना?
येतो म्हटलं.
गाठीचं बोललो नाही.
रोल परत जाणार, म्हणजे माझे दोन दिवस जाणार.

शनिवारी उरलेला मीटरभर तुकडा घरी नेला,
फडताळात घालायला.
बापाने चष्मा सदऱ्याला पुसला,
कागद ट्यूबलाइटखाली दोन्ही हातांनी ताणून धरला,
तागा तपासतात तसा.
बराच वेळ.
मग म्हणाला,
हाई डाव्या हातनी गाठ शे.
आणि चेहरा असा झाला
की स्टँडवरून सुटलेल्या एसटीत
ओळखीचं कुणी दिसावं.

मग नखाने ते शेपूट उचलू लागला.
कागद सोलला, आतून पांढरा निघाला.
राहू द्या दादा, म्हटलं.
ऐकू आलं नसेल.
त्याचं नख वर सरकत होतं,
पुढच्या गाठीकडे.