चार भोकं

मामाने ती माझ्या टेबलावर ठेवली,
लोकरी पांघरुणात गुंडाळलेली,
आजारी कोकरू आणावं तशी.
"भोकं पाडायची नाहीत," म्हणाला.
आणि मग स्वतःच, खिडकीकडे बघत,
"किती पाडावी लागतील?"

चार.

मी बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करते.
बंदुकांचं काम माझं नव्हे,
पण कुह्मोत ज्याला ते येत होतं
तो दोन हिवाळ्यांमागे वारला,
आणि ओइवामामा परक्याच्या हाती
कवळीसुद्धा द्यायचा नाही.

या ऑगस्टात तो नेमाच्या परीक्षेत नापास झाला.
पंच्याहत्तर मीटरवर पुठ्ठ्याचा एल्क, चार गोळ्या,
वर्तुळात एकही नाही.
एक तर शेजारच्या पुठ्ठ्याला लागली.
कोणी हसलं नाही,
ते त्याला जास्त लागलं.
नळीच्या टोकावरची माशी, तो म्हणतो,
आता माशी राहिली नाही,
धूर झाली आहे.

रायफल त्याच्याहून म्हातारी.
जिच्या खांद्यावर नव्हे, ज्याच्या खांद्यावरून ती आली
तो रशियन पोरगा आमच्याच जंगलात राहिला, बर्फाखाली.
मग आमच्या सैन्याने तिच्यावर आपला शिक्का मारला,
मग जुना माल निघाला तेव्हा आजोबांनी
एका कालवडीच्या किमतीत घरी आणली.
दस्त्यावर खिळ्याने कोरलेलं एक अक्षर आहे,
सहा पायांचं.
लहानपणी मला तो किडा वाटायचा.
मी त्याला बोटाने चिरडून बघायचे.

बोल्टची मूठ सरळ बाहेर आलेली.
वर उचलली की दुर्बिणीवर आदळणार,
म्हणजे कापायची, वाकवायची, परत जोडायची.
बोल्टला ओली चिंधी बांधली,
पाणी पाजलेल्या पोलादाचं पाणी उतरू नये म्हणून.
ज्योत लावली.
चिंधीतून वाफ आली, आणि जुन्या ग्रीसचा वास,
ज्या कोणी ते लावलं असेल त्याचा.

मग ड्रिल.
पहिलं मोडलं.
दुसरं नुसतं किंचाळत फिरलं, वरची कातडी काचेसारखी.
मामा उठून बाहेर गेला
आणि माझी लाकडं मोजू लागला.
तिसरं आत शिरलं,
कुरळा, निळसर कीस माझ्या मनगटावर पडला.
एक भोक नेमकं शिक्क्यावर आलं,
दोन अक्षरांतलं एक गेलं.
मी ते लपवलं नाही.
"ज्यांना विचारायचं," तो म्हणाला, "ते नाहीत."
आणि परत मोजायला गेला. एकपासून.

बोल्ट अजून शिकंजात निवत होता
तेव्हा त्याने नुसतीच रायफल उचलली,
दारातून तळ्याकडे धरली.
बराच वेळ.

"उर्‍हो," म्हणाला.

उर्‍हो केम्पाइनेन. पलीकडचा काठ.
अकरा वर्षं बोलणं नाही,
एक जाळं कोणी कापलं त्यावरून.

"लाकडं डाव्या हाताने फोडतोय. उजवा…
उजवा नुसता लोंबतोय."

आणि मग त्याला कळलं
आपण कशातून बघतोय ते.
बोल्ट नव्हता. गोळी नव्हती.
मागून डोळा लावला असता
तर नळीतून आरपार उजेड दिसला असता.
तरी त्याने ती इतक्या हळू खाली ठेवली
जणू तिला जाग येईल.

"ही सुटी होते? नुसती दुर्बीण?"
होते.
"दाखव."

सप्टेंबरात तो पास झाला, चारही वर्तुळात.
ते मला दुसऱ्या कोणी सांगितलं.
त्याने पैशाचं काढलं नाही, मीही नाही.

मग एका सकाळी वर्कशॉपच्या पायरीवर
वर्तमानपत्रात बांधलेले दोन पाइक मासे,
अजून ओले,
आणि दोरीला गाठ
उलट्या बाजूने मारलेली,
सैल, वेडीवाकडी,
एका हाताने आणि दातांनी
मारावी तशी.