फळा, जनकगंज

वाचनालयाला कुलूप होतं. फळा बाहेर होता,
म्हणून मी.
चौतीस वर्षं चित्रकला शिकवली, अक्षर बरं आहे,
आणि रात्री दहाला फोन उचलायला
गल्लीत जागा असायचो मीच.

शैला पागनीस, आमच्या आमदार,
मराठ्यांच्या दीदी आणि उरलेल्या लश्करच्याही दीदीच,
अधिवेशनाला भोपाळला गेल्या नाहीत.
सभागृहात निम्म्यांपुरत्याच खुर्च्या;
बाकीच्यांनी आपापल्या कलेक्टोरेटमधून
पडद्यावर हजर व्हायचं.
म्हणजे तीन दिवस विधानसभा
आमच्यापासून सायकलच्या अंतरावर,
आणि तिथे काय चाललंय ते कुणालाच कळेना.

पहिल्या रात्री म्हणाल्या, लिहा गुरुजी:
शोकप्रस्ताव. दोन मिनिटं मौन. कामकाज तहकूब.
बस?
बस. खाली लिहा, कंपूतल्या दवाखान्यात
ऑक्सिजनची टाकी मंजूर आहे.
कधी बसेल?
फोनमध्ये थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
लिहा, माहीत नाही.

सकाळी पक्षाचा पोरगा स्कूटीवरून आला,
मास्क हनुवटीला.
गुरुजी, ये क्या लिख दिया. पुसायला हात उचलला.
दूध घेऊन परतणारी मुन्नीबाई म्हणाली,
रहने दे. तारीख तो हमें रोज नयी मिलती है.

दुसऱ्या रात्री:
प्रश्न विचारला. पडद्यावर माझा चेहरा अडकला,
तोंड उघडं, म्हणे तीन मिनिटं तशीच दिसत होते.
आवाज पोचला?
माहीत नाही. तेही लिहा.

ते दोन शब्द लागतच होते.
शेवटी मी ते पुसणं सोडलं,
फक्त वरच्या ओळी बदलायचो.

डाव्या कडेला लोक नावं लिहू लागले.
कुणी सांगितलं नव्हतं. खडू मी खिडकीत ठेवायचो.
रफीक बँडवाले. पोस्टातल्या दिघेबाई.
गजकवाले ओमी, ज्यांचं आडनाव
कुणालाच कधी लागलं नव्हतं.
खडू संपला त्या दुपारी दोन नावं कोळशाने.

तिसऱ्या दिवशी फोन सकाळीच आला.
आज मी लिहिणार, दीदी म्हणाल्या, तुम्ही सांगा.
ती नावं. सावकाश.
कार्यवाहीत एकदा चुकलं की नाव कायमचं चुकतं.
मी फळ्यासमोर उभा राहून वाचली,
मास्कमुळे चष्म्यावर धुकं,
दर अक्षराला थांबून, ऱ्हस्व-दीर्घासकट.

अजून कोणी?
फळा संपला होता.
अजून कोणी, गुरुजी?

कुमुदिनी.
कु ऱ्हस्व, मु ऱ्हस्व, दि ऱ्हस्व,
नी दीर्घ.

आडनाव त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्रीची नोंद:
नावं वाचू दिली नाहीत.
पटलावर ठेवा म्हणाले. ठेवली.
छापतील का?
मी खडू उचलला नाही.
खालची ओळ तयारच होती.

दीड वर्षाने दीदी घरी आल्या,
काखेत जाड पुस्तक, एका पानात लाल दोरी.
वाचनालय आता उघडतं,
फळ्यावर योगवर्गाची वेळ असते, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात.
सगळी नावं आहेत, बारीक टायपात.
ओमींच्या पुढे कंसही नाही, प्रश्नचिन्हही नाही, नुसतं ओमी.
फक्त शेवटच्या नावात
नी ऱ्हस्व पडली आहे.

शुद्धिपत्रासाठी अर्ज दिलाय, म्हणाल्या,
आणि पर्समधून पावती काढून दाखवली,
क्रमांक, शिक्का, सगळं.
कधी निघेल ते मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.
चहात साखर जास्त पडली होती.
प्यायलो दोघं.