दोनशे पानी

दोंडाईच्याला, स्टेशन रोडवर, रसवंतीच्या शेजारी
सहा बाय आठचं माझं दुकान.
पाटीवर 'सर्व ऑनलाइन कामे करून मिळतील',
त्यातला 'सर्व' रंगाऱ्याने फुकट घातला.

टेबलाच्या खणात दोनशे पानी वही,
तिच्यात साडेचारशे माणसांचे पासवर्ड.
माणसं येतात, खुर्चीच्या कडेवर टेकतात,
न्हाव्याच्या हाती डोकं द्यावं
तसा मोबाइल माझ्या हाती देतात
आणि वर पंख्याकडे बघत बसतात.

केळीच्या गाडीवाल्या भावडूचा पासवर्ड
विकून टाकलेल्या बैलाचं नाव.
हायस्कूलच्या निकुंभ सरांचा पासवर्ड
एका बाईचं नाव, पुढे एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
सरांच्या घरी मी चहा घेतलाय.
मॅडमचं नाव वेगळं आहे.
साखर जरा जास्त झाली, एवढंच बोललो.

एकदा एक जण कानाशी येऊन म्हणाला,
बायकोचा मोबाइल उघडून दे, पाचशे देतो.
मी म्हणालो, सर्व्हर डाऊन आहे.
या एका वाक्यानं मी काही माणसं वाचवली,
बरीचशी नुसती टाळली.

आज सकाळपासून दगूबाई बसलीय
हयातीच्या दाखल्यासाठी.
तेवीस वर्षं मिरचीच्या पथारीवर देठं खुडते,
अंगाला ठसका, लुगड्याच्या निऱ्यांत लाल पूड.
अंगठा ठेवते. पुन्हा प्रयत्न करा.
ओल्या फडक्यानं पुसतो. पुन्हा प्रयत्न करा.
खोबरेल लावतो, पावडर लावतो, डावा घेतो, तर्जनी घेतो,
दहाही बोटं जुन्या चपलेच्या तळासारखी.
डोळ्याचं यंत्र धरलं तर आत मोतीबिंदू.

"भाऊ," ती विचारते, "मी जित्ती शे ना?"
"शे ना मावशी."
"मंग त्याले सांग ना."

त्याला सांगायची जागाच कोणी ठेवलेली नाही.
होय आहे, नाही आहे,
आणि खाली बारीक अक्षरात, रद्द करा.

ज्यांच्याकडे मोबाइल नाही अशा अकरा जणांच्या नावापुढे
मी माझाच नंबर टाकलाय.
अकरा जणांचे ओटीपी माझ्या खिशात वाजतात,
जेवताना, मसणात, पोराला शाळेत सोडताना.
त्यातले सुकदेव आप्पा पौषात गेले.
मीही होतो, लाकडं ओली होती, फार वेळ लागला.
तरी दर महिन्याच्या पाच तारखेला
आप्पा माझ्या खिशात थरथरतात:
आपल्या खात्यात रक्कम जमा.
त्यांचा मुलगा म्हणाला, कळवायची एवढी काय घाई?
पहिल्या महिन्यात मी काही बोललो नाही.
दुसऱ्या महिन्यातही नाही.
तिसऱ्या महिन्यात त्यानं दुकानाला नवा पंखा बसवून दिला.

तोच हा पंखा.

दुपारी लाइट गेली.
शेजारच्या रसवंतीचं घुंगरू अर्ध्यात थांबलं,
पंखा दोन-चार फेरे उगाच फिरला.
यंत्रातला हिरवा डोळा विझला.
अंधारात दगूबाई म्हणाली,
"तुन्या वहीमा मनं नाव शे का?"
शोधलं. पान एकशे बारा, खालून तिसरी ओळ.
मला वाटलं, नुसतं बघेल.
तिनं अंगठा जिभेला लावला
आणि नावावर दाबला, चांगला जोर देऊन,
कोणी मागितलेला नसताना.
रेघ एकही नाही. नुसता लालसर डाग,
भावडूच्या बैलाशेजारी.

हा कुठे अपलोड करायचा, मी विचार करत होतो,
वही मिटायला गेलो आणि नाकात पूड गेली,
एकामागून एक पाच शिंका, डोळ्यांना धारा.

"तू बी जित्ता शे," दगूबाई म्हणाली
आणि पायरीवर जाऊन बसली
लाइट यायची वाट बघत.