पंच क्रमांक दोन

वर्ग संध्याकाळी साडेपाचला.
सिंदेवाहीच्या कॉलेजातली मागची खोली,
दिवसा इथे शिवणकाम शिकवतात,
म्हणून बाकाखालचा दोरा
कायद्याच्या वहीला चिकटून घरी येतो.

आम्ही सतरा जण.
होमगार्डमधले तीन, भरतीत धावून दमलेले पाच,
एक पोलीसपाटील, साठीला टेकलेले, पहिल्या बाकावर,
आणि मी, निकोडे सायकल रिपेरिंगची मुलगी.

माझं पुस्तक जुनं, अर्ध्या किमतीचं.
कुळसंगे मॅडम म्हणाल्या, फेकू नकोस,
शेजारी पेन्सिलनं नवा आकडा लिही.
तीनशे दोनचं एकशे तीन झालं.
चारशे वीसचं तीनशे अठरा.
पोलीसपाटलांनी विचारलं, आता गावात कोणी कोणाला
तीनशे अठरा म्हणेल का हो?
बराच वेळ हसू थांबेना.

आज झडती शिकवली.
कलम हेही एकशे तीनच, कायदा दुसरा.
हजर पाहिजेत दोन जण,
त्याच भागातले, स्वतंत्र, प्रतिष्ठित.
मॅडमनी 'स्वतंत्र'खाली रेघ मारली. खडू मोडला.
'काही माणसं ठाण्यासमोरच असतात.
हाक मारली की येतात,
कागद पुढे येण्याआधी पेन काढतात.
मग वकील विचारतो, आजवर किती पंचनाम्यांवर सही केलीत?
आणि केस तिथेच पंक्चर.'

पंक्चर म्हणाल्या त्या.
त्यांना काही माहीत नव्हतं.

बाबांचं दुकान ठाण्याच्या फाटकासमोर, कडुनिंबाखाली.
मोहाचा सडवा, प्लॅस्टिकचे दोन डबे, किंमत अंदाजे.
चोरीची सायकल, जिचं चाक त्यांनीच कधी सरळ केलेलं.
रानडुकरासाठी लावलेल्या तारेला चिकटलेला माणूस,
उजव्या हातात चप्पल.
सगळ्याखाली गु. ल. निकोडे,
आणि सहीशेजारी ऑइलचा अंगठा,
कोणी न मागितलेला.

रात्री जेवताना विचारलं,
बाबा, किती सह्या झाल्या असतील?
"मोजाचे का पैसे भेटतेत मले?"
वाचून करता?
"चष्मा दुकानात रायते, अन् साहेब घाईत रायते."
वरण ओरपलं. पाणी प्यायले.
"एकदा वाचलो होतो. सायत्राबाईच्या घरची.
डबा चुलीपाशी भेटला, असं लिवलं होतं.
डबा त जीपमंदी होता, आमी निंगालो तवाच."
मग?
"मंग का.
तिच्या पोरीची सायकल फुकट बनवतो तवापासून."
आणि ताट उचलून बाहेर गेले.

त्या मुलीला मी ओळखते.
घंटी नसलेली निळी सायकल.
मला वाटायचं, बाबांना हिशेब जमत नाही.

आज सकाळी टपात ट्यूब धरून बसले होते.
बुडबुडा दिसेपर्यंत नजर हलवायची नाही,
हे त्यांनीच शिकवलेलं.
फाटकातून हवालदारानं हात केला,
गुणवंतभाऊ, दोन मिनिटं!
बाबा उठले, पँटला हात पुसले, गेले.
खोक्यावर पान्यांच्या मधे चष्मा तसाच.

ट्यूब पाण्यातून वर आली.
ओल्या हातानंच चष्मा उचलला.
रस्ता ओलांडायला बारा पावलं लागतात, फार तर चौदा.
धानाच्या पोत्यांचा ट्रक येत होता, सावकाश,
तो जाईपर्यंत थांबले.