झारेकरी

पहिल्यांदा दगा दिला तो फुंकणीनं.
वाटी झाळायची होती, ज्योत वाकेना,
गालातली हवा ओठांच्या फटीतून
परत अंगावर.
मग डावी पापणी. मग चहा नाकातून.
पारोळ्यात गिऱ्हाईक म्हणालं,
"सुपडूशेठ, आता दिवसापण?"

जळगावला मानेत नळी घातली.
यंत्रापाशी बसलेल्या तडवी मॅडम म्हणाल्या,
रक्त बाहेर येईल, गरगर फिरेल,
लाल तुमचं तुम्हाला परत,
पिवळं आम्ही काढून घेणार.
"सगळं?"
"आज अडीच लिटर. असं पाचदा, दिवसाआड."

बेचाळीस वर्षं मी उलटं करत आलो.
आमच्या गल्लीत केरसुद्धा विकला जातो.
झारेकरी येतो, शेगडीची राख,
बैठकीखालची माती घेऊन जातो,
धुऊन धुऊन गुंजभर काढतो.
आणि इथे दांडीला पिशवी फुगतेय
बावीस कॅरेटच्या रंगाची,
आणि ती फेकायची आहे.

डॉक्टर म्हणाले, यातच आहे ते,
तुमच्याच अंगानं घडवलेलं,
नसेचा निरोप स्नायूच्या दारात अडवणारं.
वेगळं निवडता येत नाही, म्हणून सगळंच.
म्हणजे हिणकस नि बावनकशी एकाच पिशवीत.
त्यांना हसू आलं.
माझे हसायचे स्नायू रजेवर होते.

बाहेर पंचेचाळीस डिग्री,
आत मी दोन रजयांखाली कुडकुडतो.
ओठांभोवती मुंग्या. कॅल्शियम.
अल्ब्युमिनची बाटली बदलताना
कोकिळाच्या मनगटाकडे बघतो.
पाटल्या मीच घडवल्या होत्या,
वजन अजून पाठ आहे.

माझ्याआधीची दोन गेली,
म्हणून आईनं मला सुपात घालून
उंबऱ्याबाहेर ओढलं. नाव सुपडू.
पाखडून ठेवलेला जीव.
साठाव्या वर्षी पुन्हा पाखडतायत,
या वेळी वारा नाही, मोटार आहे.

तिसऱ्या खेपेनंतर ती म्हणाली,
"आते कसं वाटस?"
मी पाणी प्यालो. खाली गेलं.
मग तिच्याकडे तोंड करून फुंकलं.
कपाळावरची बट हलली,
थोडीच.

टिकणार नाही म्हणतात, काही आठवडे.
मग गोळ्या, मग बघू.
असू दे, घट धरल्याशिवाय
आम्ही कुठला दागिना घडवला?

वॉर्डबॉय पिवळी पिशवी घेऊन निघाला.
मी नजरेनं दारापर्यंत त्याच्यामागे गेलो,
दोन्ही डोळ्यांनी.